गोठ्यातली चकचकीत तोटी

पोतं उलटं केलं आणि ती पितळी तोटी गोठ्याच्या फरशीवर ठण्णकन पडली. इतकी वर्षं झाली तरी तो आवाज माझ्या कानातून जात नाही. आवाजापेक्षाही मला तिची चमक आठवते. बाहेर श्रावणातली झड, आत अंधार, बाजूला म्हैस निवांत रवंथ करतेय, आणि मध्येच हे सोन्यासारखं झळकणारं काहीतरी. नोकरीत मी चोरीचा माल पुष्कळ पाहिला. मोटारी, तांब्याच्या तारा, देवळातल्या घंटा, एकदा तर अख्खा विहिरीवरचा पंप. पण इतका स्वच्छ माल मी कधी पाहिला नव्हता.

पोलीस खात्यात मी शिपाई म्हणून लागले आणि फौजदार म्हणून निवृत्त झाले. शाळा दहावीपर्यंत. कायदा शिकले तो ठाण्यातल्या कपाटातली पुस्तकं वाचून, आणि कळलं नाही की सरकारी वकिलांना गाठून. एक-दोन वकील तर मला लांबून बघून वाट बदलायचे म्हणे. असो. ही गोष्ट मी सहायक फौजदार होते तेव्हाची, मुळशी तालुक्यातली. नावं कुणाचीच घेणार नाही. ठाणं कोणतं, अग्निशमन केंद्र कोणतं, तेही विचारू नका. कारखान्यांच्या पट्ट्यात एक केंद्र होतं, दोन बंब होते, एवढं पुरे.

त्या केंद्रात एक मुलगी नोकरीला लागली होती. आगीच्या बंबावर जाणारी तिथली पहिलीच. कोळवणच्या बाजूची, भातशेतीवाल्या घरातली. बाप जीप चालवायचा. तिचं प्रोबेशन चालू होतं, म्हणजे नोकरी अजून पक्की नव्हती. वरिष्ठांनी चांगला शेरा दिला तर कायम, नाहीतर घरी. सगळी गोष्ट या एका शेऱ्याभोवती फिरते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

एका सकाळी त्या केंद्राचे प्रमुख अधिकारी स्वतः आमच्या ठाण्यात आले. इस्त्रीचा गणवेश, गोड बोलणं. म्हणाले, "बंबावरची एक ब्रांच गहाळ आहे. आतल्याच माणसाचं काम असावं. नाव आत्ताच घेत नाही, पण एक महिला कर्मचारी आहे, तिची वागणूक जरा..." आणि वाक्य तसंच लोंबकळत ठेवलं.

ब्रांच म्हणजे पाण्याच्या जाड पाइपाच्या तोंडाला बसवायची तोटी. वजनदार, पितळेची. मोडीत विकली तरी बरे पैसे येतात. आमच्या निरीक्षक साहेबांनी गुन्हा दाखल करून घेतला आणि तपास माझ्याकडे दिला. "मुलगी आहे, तुम्हीच बघा," म्हणाले.

त्यानंतर आठवडा-दीड आठवडा काहीच नाही. मग ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज. तोटी त्या मुलीच्या घरी आहे म्हणाला. गोठ्यात, उजव्या अंगाला, गव्हाणीच्या मागे, पोत्यात, वर पेंढा टाकलाय. आणि फोन ठेवला.

आता निनावी फोनबद्दल माझं एक निरीक्षण आहे. खरा खबरी अर्धवट सांगतो. त्याने काहीतरी पाहिलेलं असतं, काहीतरी ऐकलेलं असतं, उरलेलं तो अंदाजाने भरतो आणि वर आपल्यालाच विचारतो, सापडलं का हो? पण ज्याला उजवं अंग, गव्हाण, पोतं आणि पेंढा सगळं माहीत असतं, तो एक तर घरातला असतो, नाहीतर ठेवणारा असतो. मी हे साहेबांना बोलले. ते म्हणाले, "बाई, आधी माल बघून या. मग तत्त्वज्ञान."

दोन पंच घेऊन आम्ही गेलो. मुलगी घरीच होती, सुट्टी होती तिची. आई दारात तांदूळ निवडत होती. मी झडतीचं सांगितलं तर आई उठून उभीच राहिली.

"कसली झडती? आमच्या घरात चोर ऱ्हात्यात व्हय?"

"मावशी, कायद्याचं काम आहे. तुम्ही पण चला, तुमच्यासमोरच बघते."

"बघा की. म्हशीची पण घ्या झडती. तिनं बी काय गिळलं आसंल."

एक पंच हसला. आई त्याच्यावरही डाफरली, "तू रं काय हसतोय? तुझ्या बारशाला जेवलीया मी."

गोठ्यात गेलो. उजव्या अंगाला गव्हाण, मागे पोतं, वर पेंढा. पोतं उलटं केलं आणि तो ठण्ण आवाज झाला. मुलगी जागच्या जागी खाली बसली. पंच एकमेकांकडे बघायला लागले, आणि मी मात्र तोटीकडे बघत राहिले.

आमच्या घरी देवाची भांडी पितळेची आहेत. ज्या बाईने पावसाळ्यात समई घासली आहे तिला मी काय म्हणतेय ते कळेल. आज चिंचेने लख्ख करा, चार दिवसांत तिच्यावर मळभ येतं. आणि इथे मुळशीचा पाऊस. इथे भिंतींना पाझर फुटतो, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. फिर्यादीतल्या तारखेप्रमाणे तोटी गहाळ होऊन पंधरवडा झाला होता. मग ही इतकी झळझळीत कशी? मी हातमोजा घालून ती वळवून पाहिली. आट्यांच्या खाचेत पांढरी पूड अडकलेली होती. पॉलिश वाळल्यावर जी राहते ती. नाक जवळ नेलं तर पॉलिशचा तो उग्र वासही येत होता.

मी पंचनामा लिहिणाऱ्या शिपायाला सांगितलं, "लिही. तोटी चकचकीत आहे. आट्यांमध्ये पांढरी पूड आहे. पॉलिशचा वास येतो. कुठेही काळे किंवा हिरवे डाग नाहीत."

तो म्हणाला, "मॅडम, माल चांगल्या स्थितीत आहे, एवढं लिहू का?"

"मी सांगते तेवढं सगळं लिही."

"बस्त्याला आल्यासारखं वर्णन चाललंय," तो पुटपुटला. पण लिहिलं त्याने. तोटी लाखेने सीलबंद केली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि निघालो.

मुलीला अटक केली नाही. चौकशीला ठाण्यात बोलावलं. ती बापाबरोबर आली. बाप बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला. मी तिला चहा दिला. तिने घेतला नाही. मी विचारत होते आणि ती "माहीत नाही मॅडम" एवढंच म्हणत होती. चोर असं करत नाही, बघा. चोर गोष्ट सांगतो. तोटी कुणी ठेवली असेल याची त्याच्याकडे चार नावं तयार असतात. हिला बोलायचंच नव्हतं. मला त्याचंच कुतूहल वाटायला लागलं. मी वही मिटली आणि विचारलं, "कामावर कसं चाललंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. राजीनामा होता. सही बाकी होती.

"चोर म्हणून काढण्यापेक्षा मीच जाते मॅडम. प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपतंय. शेरा तेच लिहिणार आहेत."

"तेच म्हणजे?"

मग ती बोलायला लागली. शिडीच्या सरावाच्या वेळी सुरक्षापट्टा नीट बसलाय का बघतो, असं म्हणत तो प्रमुख अधिकारी तिच्या अंगाला हात लावायचा. एकदा नाही, दर वेळी. पुरुषांचे पट्टे ते आपापसात तपासायचे, हिचा मात्र साहेब स्वतः तपासणार. एक दिवस हिने सगळ्यांसमोर त्याचा हात झटकला आणि म्हणाली, "माझा पट्टा मला बांधता येतो." दुसऱ्या दिवसापासून ती बंबावरून खाली. आगीचा फोन आला की बाकीचे धावायचे आणि हिने टेलिफोनच्या खोलीत बसायचं. कपडे बदलायच्या खोलीची आतली कडी कुणीतरी काढून टाकली. मग तिने अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार केली. समितीने चौकशीची तारीख दिली.

"आणि तोटी कधी गेली?" मी विचारलं.

"तारीख आली त्याच आठवड्यात."

मी खुर्चीत मागे टेकले. गेले कित्येक दिवस मी तोटी कुठे गेली ते शोधत होते. ती कधी गेली याकडे मी बघितलंच नव्हतं.

मी तिला म्हटलं, "हा कागद आत ठेव. सही करायची नाही. आता मी सांगते ते नीट ऐक." आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. कामाच्या ठिकाणी बाईच्या छळाचा जो कायदा आहे, त्यात फक्त अंगाला हात लावणं येत नाही. त्या प्रकाराशी जोडून तिच्या नोकरीबद्दल धमकी दिली, तिच्या कामात आडकाठी केली, तिचा अपमान केला, तर तेही छळातच धरता येतं. बंबावरून उतरवणं म्हणजे साधी ड्यूटी बदलणं नव्हे, तेही समितीपुढे मांडायचं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, जी पुष्कळ बायांना ठाऊकच नसते. चौकशी चालू असताना बाई समितीकडे लेखी मागणी करू शकते की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने माझ्या कामाचा शेरा लिहू नये, दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा. बदली मागता येते, रजा मागता येते. आणि समितीची चौकशी वेगळी, पोलिसांचा गुन्हा वेगळा. एक चालू आहे म्हणून दुसरं करायचं नाही असं काही नसतं.

"शेरा दुसरा कुणी लिहू शकतो?" तिने परत विचारलं. बाकी सगळं सोडून तेवढंच.

"मागितलं तर. न मागता कोण देतंय?"

मग तिने चहा घेतला. गार झाला होता, पण घेतला.

दुसऱ्याच दिवशी त्या अधिकाऱ्याचा मला फोन. "अटक कधी करताय?" मी म्हटलं, तपास चालू आहे. तर आवाज आणखी गोड झाला. "मॅडम, तशी माझी काही तक्रार नाही हो. गरीब घरची मुलगी आहे. तिने राजीनामा दिला आणि तो समितीकडचा अर्ज मागे घेतला, तर आम्हीही चोरीचं प्रकरण वाढवणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, दाखल झालेला गुन्हा म्हणजे काय सोयरीक आहे का, पसंत नाही म्हणून मोडायला?"

तो हसला. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर लगेच स्टेशन डायरीत नोंद घेतली. चोरीचा आणि समितीच्या अर्जाचा संबंध त्याने स्वतःच्या तोंडाने जोडून दिला होता.

पण नुसत्या संशयावर काही चालत नाही. तोटी तिच्या गोठ्यात सापडली होती, दोन पंचांसमोर. मला चमकेचं कोडं सोडवायचं होतं. मग मी एक उद्योग केला, ज्यावरून ठाण्यात पुढे वर्षभर माझी चेष्टा झाली. पिरंगुटच्या बाजारात भंगारवाल्याकडून पितळेचा एक जुना नळ आणला. पॉलिशची बाटली आणली. घरी बसून तो नळ आरशासारखा केला. मग पोत्यात घातला, त्या मुलीच्या गोठ्यात नेला आणि गव्हाणीच्या मागे त्याच जागी ठेवला, तेच दोन पंच समोर घेऊन.

आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आवो बाई, चोरीचा माल न्यायचा आसतू. तुमी आनून ठिवताय?"

"राहू दे मावशी थोडे दिवस. हात लावू नका."

"न्हाई लावत. म्हशीला सांगते राखन कर म्हनून."

पाच-सहा दिवसांनी पंचांसमोर पोतं उघडलं. नळाचं सोनं गेलं होतं. वरून काळपट, खाचांतून हिरवट डाग. गोठ्यातली ओल आणि जनावराचं मूत, पितळेला दुसरं काय लागतं? निरीक्षक साहेबांच्या टेबलावर तो नळ ठेवला तेव्हा ते म्हणाले, "हे पोलीस ठाणं आहे का प्रयोगशाळा?" पण दोन-तीनदा उचलून बघितला त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे तोटी पंधरा दिवस तिथे नव्हतीच."

"नव्हतीच साहेब. फोन यायच्या आदल्या एक-दोन दिवसांत ठेवली. आणि ठेवायच्या आधी कुणीतरी घासली."

"चोरीचा माल घासून कोण ठेवतो?"

तोच तर प्रश्न होता. उत्तर शोधायला मी अग्निशमन केंद्रात गेले, शनिवार बघून. शनिवार हा तिथला घासण्याचा दिवस. अंगणात चटई टाकून सगळं पितळ मांडलेलं. तोट्या, जोडण्या, घंटा, सगळं. मध्ये एक वयस्क फायरमन बसलेले. त्यांना सगळे नाना म्हणायचे. निवृत्तीला थोडे महिने उरलेले. नाना काय घासत होते! बाळाला न्हाऊ घालावं तसं. आधी ओल्या फडक्याने, मग पॉलिश, मग कोरड्या फडक्याने, शेवटी अंगठ्याला कापड गुंडाळून कडेकडेने. बाजूच्या एकाला मी विचारलं, "हे दर शनिवारी नानाच करतात?"

"दुसऱ्यानं केलं तर त्यांना झोप येत न्हाई मॅडम. आमी घासलं तरी ते परत घासत्यात. एकदा तर आग विझवून आलो, सगळे आडवे पडलो, आन् हे बंबाखाली बसून ब्रांच पुसतायत."

"मळकी ब्रांच बंबाला लावायची न्हाई," नाना मान वर न करता म्हणाले. "मी लागलो तवाच्या साहेबांनी शिकीवलंय."

मी एक तोटी उचलून आट्या बघितल्या. खाचेत पांढरी पूड. सगळ्या तोट्यांना. नानांना तेवढी पूड काढता येत नव्हती, डोळे अधू झाले होते. छान घासता, एवढंच म्हटलं. तिथून थेट त्या मुलीच्या घरी गेले आणि आईला विचारलं, "झडतीच्या आधी घरी पाहुणं कोण आलं होतं?"

"कोन न्हाई."

"आठवा मावशी. हिच्या कामावरचं कुणी?"

"त्ये व्हय! त्ये म्हातारं आलतं की, नाना का कोन. ही ड्यूटीला गेलती. म्हनलं पोरीची ड्यूटी बदललीया, सांगायला आलो. लई चांगला मानूस. च्या प्याला. म्हनला म्हैस किती दूध देती, बघू म्हनला. मी म्हनलं, बघा की, गोठा उघडाच हाय."

"हातात काय होतं?"

"पिशवी. जड हुती. मी म्हनलं खाली ठिवा, तर ठिवली न्हाई." आणि मग तिच्या लक्षात आलं. "मी सोताच दावला गोठा," एवढंच म्हणाली.

सोमवारी नानांना ठाण्यात बोलावलं. दुपारची वेळ. गणवेशात आले, बूटसुद्धा चमकत होते. मी त्यांना समोर बसवलं. काळा पडलेला तो नळ टेबलावर तसाच होता. मी मुद्दामच त्याबद्दल काही बोलले नाही. नोकरी किती झाली, मुलं काय करतात, असं चालू होतं. बोलता बोलता नानांचा हात त्या नळाकडे गेला. खिशातून रुमाल काढला आणि ते नळ घासायला लागले. बोलणं चालूच.

"ह्यो असा कशानं झाला?" त्यांनी विचारलं.

"गोठ्यात ठेवला होता. पोत्यात घालून, गव्हाणीच्या मागे."

त्यांचा हात थांबला. रुमाल तिथेच राहिला.

"नाना, तुमची तोटी पंधरवडा गोठ्यात होती म्हणतात," मी म्हटलं. "मग ती अशी का नाही झाली?"

मी दुसरा प्रश्न विचारला नाही. चौकशीत मला एक गोष्ट जमायची, ती म्हणजे गप्प बसणं. एरवी मी किती बोलते ते तुम्ही बघताच आहात.

"मळकी कशी ठिवायची बाई?" नाना शेवटी म्हणाले. "आमच्या साहेबांनी कपाटात लपीवली हुती, पंधरा दिस हात न्हाई लागला तिला. बाहीर काढली तर पार मळाटलेली. सरकारी माल. कुनाच्या हाती लागनार, पोलिसांच्या म्होरं जानार. तशी द्यायला माझा हात झाला न्हाई. घासली आन् मग नेली."

"आणि त्या पोरीच्या नोकरीचं काय, नाना?"

नानांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

मग सगळं निघालं. शिडीच्या सरावाला खाली दोर धरायला नानाच असायचे. त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि मुलीने तक्रारीत साक्षीदार म्हणून त्यांचं नाव दिलं होतं. अधिकाऱ्याने त्यांना बोलावून सांगितलं, तुम्ही काही पाहिलं नाही. आणि एवढं एक काम करा, नाहीतर जुनी एक चौकशी उकरून काढतो, पेन्शन अडकेल. निनावी फोनही नानांनीच केला होता, अधिकाऱ्यासमोर बसून.

"आन् खरं सांगू का," नाना म्हणाले, "मला बी वाटायचं, बाया बंबावर कशाला. म्हनून मनाला लई लागलं न्हाई. त्या माउलीनं च्या दिला तवा लागलं."

"तेव्हा परत का नाही फिरलात?"

"पिशवी जड हुती बाई," ते म्हणाले.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून नानांचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला. तिथे ते डगमगले नाहीत. समितीपुढेही गेले आणि दोर धरून खाली उभं राहून जे पाहिलं ते सांगितलं. चोरीच्या गुन्ह्यात आम्ही 'ब' समरी पाठवली. 'ब' समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी होती, असा अहवाल. मुलीच्या फिर्यादीवरून त्या अधिकाऱ्यावर छळाचा आणि खोटा पुरावा तयार केल्याचा गुन्हा दाखल झाला. आता कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे आकडे सांगत नाही. तो आधी निलंबित झाला, पुढे विभागीय चौकशीत दोषी ठरला. कोर्टातला खटला मी निवृत्त होईपर्यंत चालूच होता. तो संपला असं खोटं सांगून तुम्हाला खूश करणार नाही. नानांवरही कारवाई झाली, व्हायलाच हवी होती. पण धाकामुळे केलं आणि वेळेत खरं सांगितलं, हे त्यात धरलं गेलं.

मुलीने समितीकडे लेखी मागितलं होतं, त्याप्रमाणे तिचा शेरा दुसऱ्या केंद्रावरच्या अधिकाऱ्याने लिहिला. त्याने तिला आधी महिनाभर बंबावर घेतलं, काम पाहिलं आणि मग लिहिलं. ती कायम झाली. कपडे बदलायच्या खोलीला कडी लागली. ती लावायला मात्र तिलाच सुतार आणावा लागला, हेही सांगायला हवं.

या तपासाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एक तर असं की बदला घेणारा माणूस शिव्या देत येत नाही. तो फिर्याद घेऊन येतो, इस्त्रीचे कपडे घालून येतो, आणि पोलिसांनाच आपलं हत्यार करतो. आम्ही तोटी जप्त करून मुलीला आत टाकलं असतं, तर कागदोपत्री काहीच चुकलं नसतं. त्यानंतर कुठल्याही कार्यालयातून एखाद्या बाईविरुद्ध चोरीची, गैरवर्तनाची तक्रार आली, की मी आधी विचारायचे, या बाईने अलीकडे कुणाविरुद्ध काही तक्रार केली होती का? पुष्कळदा उत्तर "नाही" यायचं. पण "हो" आलं की सगळा तपासच फिरायचा.

दुसरी गोष्ट नानांबद्दलची, आणि ती मला अजून पूर्ण उलगडलेली नाही. इतका कामाचा माणूस. पितळेवर एक डाग सहन न होणारा. त्याच हाताने तो एका पोरीचं आयुष्य उलटं करायला निघाला होता. कामात नीट असलेला माणूस माणसांशीही नीट वागेल, असं मी तोपर्यंत धरून चालत होते. आता धरत नाही. आणि कायदा पुस्तकात असतो, तो मागितल्याशिवाय उठून येत नाही. त्या मुलीला शेऱ्याचा नियम कळला नसता, तर तिने त्या कागदावर सही केलीच असती. म्हणून मला बायकांच्या बैठकांत बोलावलं की हेच सांगते, पुन्हा पुन्हा सांगते, कंटाळा येईपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यांच्या पट्ट्यात एका फोमच्या गोदामाला आग लागली. काळा धूर पार पौडच्या रस्त्यावरून दिसत होता. आम्ही गर्दी आवरायला गेलो. लोक मोबाइल उंच धरून पुढे पुढे सरकत होते. त्यांना हटवता हटवता मीच कधी पुढे गेले मला कळलं नाही. आत काय चाललंय ते बघायची उत्सुकता, दुसरं काय! तेवढ्यात धुरातून शिरस्त्राण घातलेली एक आकृती माझ्याकडे धावत आली आणि खणखणीत ओरडली:

"ओ पोलीस मॅडम! दोरीच्या मागं! मागं व्हा म्हणते ना, पत्रा खाली येतोय!"

चेहरा काजळीने भरला होता, पण आवाज मी ओळखला. तिनेही मला ओळखलं असणार. ओळख दाखवायला तिला वेळ नव्हता. हाताने मला जवळजवळ ढकललंच तिने, आणि परत आत पळाली. मागे दोन पुरुष फायरमन तिच्या हाताच्या इशाऱ्याकडे बघत उभे होते. तिने बोट दाखवलं, तिकडे ते धावले.

माझ्याबरोबरचा शिपाई चिडला. "काय बाई आहे! तुमच्यावर ओरडली मॅडम. ओळखीची आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "तूही मागे हो."

आणि आम्ही दोघं दोरीच्या मागे जाऊन उभे राहिलो.